उबेचे माप

अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टन, वूस्टर आणि प्रॉव्हिडन्स या शहरांच्या जुन्या वस्त्यांमध्ये, साधारण १८८० ते १९३० या काळात उभी राहिलेली लाकडी घरे आजही मोठ्या संख्येने नांदती आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या तळघरात घर उबदार ठेवणारा एक बॉयलर असतो. हा बॉयलर पाणी तापवतो किंवा त्याची वाफ करतो. ते पाणी वा ती वाफ नळांतून खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरांपर्यंत जाते, तेथे आपली उष्णता सोडते आणि पुन्हा तळघरात परतते. घराचे आयुष्य शंभर वर्षांचे असले तरी बॉयलरचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचेच असल्यामुळे अशा प्रत्येक घरात तो तीन-चार वेळा तरी बदलावा लागतो, आणि प्रत्येक वेळी, बहुधा ऐन थंडीत, जुना बॉयलर बंद पडलेला असताना, घरमालकासमोर एकच प्रश्न येतो, तो म्हणजे नवा बॉयलर किती मोठा घ्यावा. वरवर पाहता हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे. परंतु त्याची उत्तरे आजवर ज्या रीतीने दिली गेली ती पाहिली, तर माणूस आपल्या गरजेचे माप कसे घेतो आणि भीतीचे माप गरजेच्या नावाखाली कसे खपवतो, याचा एक बोलका पुरावा हाती येतो.

सर्वांत रुळलेले उत्तर असे की जुन्या बॉयलरच्या अंगावरील पट्टी वाचावी आणि तेवढ्याच क्षमतेचा, शक्य तर थोडा मोठाच, नवा बॉयलर बसवावा. या पट्टीवर क्षमता बीटीयू या एककात दिलेली असते. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते ती म्हणजे एक बीटीयू, आणि ताशी ३,४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॉट. पट्टीवरचा आकडा अधिकृत दिसत असल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो, पण तो आकडा घराविषयी काहीच सांगत नाही. आधीच्या कारागिराने काय बसवले, एवढेच तो सांगतो. त्या कारागिरानेही त्याच्या आधीची पट्टी वाचून निर्णय घेतला असण्याचा संभव असतो, आणि अशा रीतीने मागे मागे जात राहिले की शेवटी कोळशाच्या काळातला एक अवाढव्य बॉयलर सापडतो, जो एवढा मोठा होता याचे एक कारण घराची गरज नसून रात्रभर पुरेल इतका कोळसा त्याच्या पोटात मावावा, हे होते. पुढे त्याच बॉयलरांत तेलाचे किंवा वायूचे बर्नर बसवण्यात आले, आणि ॲस्बेस्टॉसच्या पांढऱ्या लेपामुळे बर्फाच्या बाहुल्यासारखी दिसणारी ती धूडे कित्येक तळघरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकून राहिली. कोळसा गेला, पण त्याच्यासाठी राखलेली जागा आकड्यांच्या रूपाने पुढच्या यंत्रात शिल्लक राहिली.

त्या अवाढव्य आकाराचे दुसरे कारण अधिक विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद खोलीतील शिळी हवा हेच रोगाचे मूळ मानणारा एक प्रभावी विचारप्रवाह अमेरिकेत होता. कॅथरीन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टोव या भगिनींनी १८६९ साली प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथातही खेळत्या हवेच्या प्रश्नाला मोठे स्थान होते. १९१८-१९च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने या मताला बळ दिले, आरोग्याधिकारी लोकांना खिडक्या उघड्या ठेवण्यास सांगू लागले, आणि कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी असतानाही खोली उबदार राहावी या हिशेबाने पुढच्या काळातील रेडिएटर आणि बॉयलर ठरवले गेले, असे या विद्येचा इतिहास लिहिणारे सांगतात. डॅन होलोहन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या वाफेच्या तापनावरील पुस्तकात या जुन्या फिटरांचा उल्लेख आदराने आणि थोड्या खट्याळपणे 'डेड मेन', म्हणजे गेलेली माणसे, असा केला आहे, आणि हा शब्द आता त्या धंद्यात सर्रास बोलला जातो. त्या गेलेल्या माणसांनी जे केले ते त्यांच्या काळातील गृहीतकांना धरून अगदी चोख होते. फक्त ती गृहीतके त्यांच्याबरोबर गेली आणि बीड मागे उरले.

त्यानंतर घरे बदलली. १९७३च्या तेलसंकटानंतर जळणाचा खर्च डोळ्यांत भरू लागला, तेव्हा मूळ खिडक्यांवर बाहेरून काचेची दुसरी झडप बसली, माळ्यावर निरोधक पदार्थांचे थर पसरले गेले आणि भिंतींच्या पोकळ्यांमध्ये कागदाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोज फुंकून भरला गेला. या घरांपैकी अनेकांची बांधणी अशी आहे की भिंतीतील उभ्या लाकडांमधल्या पोकळ्या तळघरापासून माळ्यापर्यंत सलग जातात, आणि त्या मोकळ्या असतील तर प्रत्येक भिंत हे एक छुपे धुरांडेच ठरते. म्हणून त्या भरल्याने होणारा फरक मोठा असतो. भिंत उष्णतेला किती विरोध करते हे आर-मूल्याने सांगतात. रिकाम्या जुन्या भिंतीचे हे मूल्य साधारण ४ असते, तर भरलेल्या भिंतीचे १३च्या आसपास जाते. आत ७० अंश आणि बाहेर १२ अंश फॅरनहाइट असताना शंभर चौरस फूट रिकाम्या भिंतीतून ताशी १,४५० बीटीयू बाहेर जातात, तर भरलेल्या भिंतीतून सुमारे ४५०. भिंतींची गळती अशी एक-तृतीयांशापर्यंत उतरली तरी तळघरातल्या पट्टीवरील आकडा मात्र जागचा हललेला नसतो.

म्हणून पट्टी बाजूला ठेवून घरालाच विचारणे हा योग्य मार्ग होय, आणि त्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत मोजपट्टीची. प्रत्येक भिंत, खिडकी, दार आणि छत यांचे क्षेत्रफळ घ्यायचे, त्यातून वाहून जाणारी उष्णता काढायची, फटींतून शिरणाऱ्या थंड हवेचा भार त्यात मिळवायचा आणि सर्वांची बेरीज करायची. अमेरिकेतील वातानुकूलन ठेकेदारांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या 'मॅन्युअल जे' या पद्धतीत हे सारे पायऱ्यापायऱ्यांनी दिलेले आहे. फटींचा अंदाज डोळ्यांनी येत नाही, त्यामुळे दारात मोठा पंखा बसवून घरातील हवा ओढून घेण्याची चाचणीही केली जाते. दुसरी रीत बिलांची. थंडीच्या महिन्यांत किती जळण लागले हे बिलांवरून कळते आणि किती थंडी पडली हे 'डिग्री-डे' या मापाने कळते. दिवसाचे सरासरी तापमान ६५ अंशांपेक्षा जितके अंश खाली असेल तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. घरातील माणसे, दिवे, चूल आणि खिडकीतून येणारे ऊन मिळून काही अंशांची ऊब फुकटात देत असल्यामुळे ७०ऐवजी ६५ हा आधार धरला जातो.

समजा, बॉस्टनमधील एका जुन्या घरात डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत, स्वयंपाकाचा आणि आंघोळीच्या पाण्याचा भाग वजा करून, ६०० थर्म वायू जळाला, आणि त्या काळात सुमारे ३,००० डिग्री-डे पडले. एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. जुना बॉयलर त्यांतील ८० टक्के घराला देतो असे धरले, तर प्रत्येक डिग्री-डेमागे १६,००० आणि तासाला प्रत्येक अंशामागे सुमारे ६६७ बीटीयू एवढी त्या घराची गळती निघते. बॉस्टनसाठी रचनेला धरले जाणारे बाहेरचे तापमान सुमारे १२ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ११ अंश सेल्सिअस असते. वर्षातील ९९ टक्के तास याहून उबदार असतात. ६५ आणि १२ यांतील फरक ५३ अंशांचा, तेव्हा त्या घराची कडक थंडीतील गरज ताशी सुमारे ३५,००० बीटीयू, म्हणजे १० किलोवॉटहून थोडी अधिक, ठरते. त्याच घराच्या तळघरातील पट्टीवर १,५०,००० हा आकडा असणे मुळीच अपवादात्मक नाही. त्यातले ८० टक्के घराला मिळतात असे धरले तरी ते १,२०,००० होतात, म्हणजे गरजेच्या तिपटीहून अधिक. आणि सरासरी ३५ अंशांच्या एखाद्या नेहमीच्या जानेवारीतल्या दिवशी त्या घराला ताशी २०,००० बीटीयू पुरत असल्यामुळे, त्या बॉयलरचा बर्नर तासातील जेमतेम दहा मिनिटे पेटतो आणि उरलेली पन्नास मिनिटे त्याचे तापलेले अंग धुरांड्याला आणि तळघराला ऊब देत बसते.

एवढा फरक उघड असूनही मोठ्या मापाचा मोह सुटत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या चुकांची शिक्षा सारखी नाही. बॉयलर लहान पडला तर एका रात्री घर गार पडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कारागिराला फोन जातो. बॉयलर मोठा झाला तर कोणीही तक्रार करीत नाही, कारण घर उबदारच असते. वारंवार पेटणे-विझणे, त्यामुळे सुट्या भागांची होणारी झीज, दरवर्षी थोडे थोडे वाया जाणारे जळण आणि खोल्यांमध्ये चढउतार करीत राहणारे तापमान ही सारी किंमत वीस वर्षांवर पसरलेली असते आणि तिच्यावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. ज्या चुकीचा दोष एका माणसावर ठेवता येतो ती चूक टाळण्यासाठी, ज्या चुकीचा दोष कोणावरच येत नाही ती चूक माणसे आनंदाने करतात. हे केवळ बॉयलरपुरतेच खरे आहे असे नाही, पण बॉयलरच्या बाबतीत ते बीटीयूमध्ये मोजून दाखवता येते. ज्या मराठी कुटुंबांनी मुंबई-पुण्याहून येऊन बॉस्टनच्या आसपास अशी जुनी घरे घेतली आहेत, त्यांच्या गाठीशी आंघोळीच्या पाण्यासाठीच्या बंबाचा आणि गिझरचा अनुभव असतो, अख्खे घर तापवण्याचा नसतो. त्यामुळे 'मोठा असलेला बरा' हे वाक्य त्यांना तर अधिकच पटण्यासारखे असते.

या भीतीची परीक्षाही आकड्यांनीच करता येते. बॉस्टनमधील नोंदलेले सर्वांत नीचांकी तापमान उणे १८ अंश फॅरनहाइट असून ते ९ फेब्रुवारी १९३४ रोजीचे आहे. वरच्या घरात गरजेपेक्षा ४० टक्के जादा, म्हणजे सुमारे ५०,००० बीटीयू देणारा बॉयलर बसवला, आणि एवढी जादा मुभा रचनेच्या प्रचलित नियमांतही दिलेली असते, तर तशा रात्री त्याला ५५,००० बीटीयूंची मागणी पुरवावी लागेल आणि तो एक-दशांशाने उणा पडेल. त्याचा परिणाम म्हणून घर गोठणार नाही. ती थंडी कितीही वेळ टिकली तरी आतील तापमान ७०वरून ६२ अंशांवर, म्हणजे साधारण १७ अंश सेल्सिअसवर स्थिरावेल. शतकातल्या एका रात्री स्वेटर घालावा लागू नये, यासाठी पंचवीस वर्षांचा प्रत्येक दिवस तिप्पट मोठे यंत्र पोसणे, असा हा व्यवहार आहे, आणि तो असा मांडला की त्याचे समर्थन करणे कठीण जाते. मापात बसवलेला बॉयलर कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास न थांबता चालतो, तेव्हा मालकाला तो धापा टाकतो आहे असे वाटते. वास्तविक ते अखंड चालणे हेच माप बरोबर असल्याचे लक्षण असते.

तथापि घराची गळती मोजली की सारे प्रश्न सुटले, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल, कारण वाफेवर चालणाऱ्या घरांना हा नियम लागू पडत नाही. गरम पाण्याच्या व्यवस्थेत पाणी कमी तापले तर सर्व रेडिएटर थोडे थोडे कमी गरम होतात. वाफेचे तसे नाही. वाफ ही वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक थंड धातूवर आपली उष्णता टाकून पुन्हा पाणी होत जाते, आणि बॉयलर सर्व रेडिएटर एकाच वेळी भरण्याइतकी वाफ करू शकला नाही, तर जवळचे रेडिएटर तापतात आणि शेवटच्या खोलीपर्यंत काहीच पोहोचत नाही. म्हणून तेथे घर न मोजता रेडिएटर मोजावे लागतात. त्यासाठी 'ईडीआर' नावाचे एक माप आहे. एक चौरस फूट ईडीआर म्हणजे वाफेने भरलेला असताना ताशी २४० बीटीयू देणारा रेडिएटरचा पृष्ठभाग. तीन स्तंभांच्या, ३८ इंच उंचीच्या बिडाच्या रेडिएटरचा एक भाग सुमारे ५ चौरस फुटांचा धरतात, तेव्हा दहा भागांचा रेडिएटर ५० चौरस फुटांचा होतो. घरात असे सहा असले तर ३०० चौरस फूट, म्हणजे ७२,००० बीटीयू; त्यात नळ तापवण्यासाठी आणि गार व्यवस्था उठवण्यासाठी एक-तृतीयांश भर घातली की ९६,००० बीटीयूंचा बॉयलर लागतो, मग त्या घराची खरी गरज ३५,००० का असेना.

येथे गेलेल्या माणसांचे म्हणणे मानण्याखेरीज गत्यंतर नसते. त्यांनी उघड्या खिडक्यांसाठी बसवलेले बीड घरात उभे आहे तोवर बॉयलरला त्या बिडाचीच सेवा करावी लागते. परंतु याही ठिकाणी पट्टी वाचणे पुरत नाही, कारण मधल्या शंभर वर्षांत स्वयंपाकघर वाढवताना एखादा रेडिएटर काढलेला असतो, व्हरांडा बंदिस्त करताना दुसरा. जुना बॉयलर त्या नसलेल्या रेडिएटरांसाठीही वाफ करीत असतो आणि ती जादा वाफ दाब वाढवून बर्नर पुन्हा पुन्हा बंद पाडते. तेव्हा पाण्याच्या घरात भूतकाळ विसरणे शहाणपणाचे, तर वाफेच्या घरात भूतकाळातले जे आजही जागेवर आहे तेवढेच मोजणे शहाणपणाचे; दोन्हीकडे मोजणे मात्र सुटत नाही.

याच वारशाची दुसरी बाजू अशी की काही बाबतींत तो अनपेक्षित कृपा ठरतो. अलीकडचे 'कंडेन्सिंग' बॉयलर जळणाच्या धुरात असलेल्या वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णताही वसूल करतात आणि ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता गाठतात. पण हे तेव्हाच घडते जेव्हा रेडिएटरांतून परतणारे पाणी सुमारे १३० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे ५४ अंश सेल्सिअसपेक्षा, गार असते. लहान रेडिएटर असलेल्या नव्या घरात एवढ्या कोमट पाण्यावर ऊब पुरत नाही. साथीच्या भयाने मोठे केलेले रेडिएटर असलेल्या जुन्या घरात, भिंती आता भरलेल्या असल्यामुळे, ती सहज पुरते. बाहेरची थंडी ओसरेल तसे पाण्याचे तापमान आपोआप उतरवणारे नियंत्रक अशा घरात आपले पुरे काम करू शकतात, आणि उद्या बॉयलरऐवजी उष्मापंप बसवायचा ठरला तरी त्यालाही हेच मोठे बीड अनुकूल पडते. एकाच भीतीतून निघालेल्या दोन वस्तूंपैकी मोठा बॉयलर ओझे ठरावा आणि मोठा रेडिएटर देणगी ठरावी, हे पाहिले की जुन्याचा सरसकट गौरव आणि सरसकट त्याग या दोन्ही भूमिका सारख्याच आळशी वाटू लागतात.

मापाच्या या विचारात आणखी दोन गोष्टी अशा आहेत ज्या घराबाहेरूनच पाहणाऱ्याला सुचत नाहीत. पहिली धुरांड्याची. जुन्या कोळशाच्या आगीसाठी बांधलेल्या रुंद विटांच्या धुरांड्यात लहान बॉयलरचा थोडासा धूर वर जाईतो गार होतो, त्यातील आम्लयुक्त पाणी विटांमधला चुना खाते, आणि म्हणून आत पोलादी नळकांडे सोडावे लागते. नवा बॉयलर भिंतीतून धूर बाहेर टाकणारा असेल, तर त्या विशाल धुरांड्यात पाणी तापवण्याचे यंत्र एकटेच उरते आणि धंद्यातली माणसे त्याला 'अनाथ' म्हणतात. दुसरी गोष्ट आंघोळीची. घर तापवण्याचे आणि नळाला गरम पाणी देण्याचे काम एकाच यंत्रावर सोपवायचे असेल, तर मिनिटाला अडीच गॅलन देणाऱ्या एका शॉवरसाठी हिवाळ्यातले ४० अंशांचे पाणी ११० अंशांवर नेण्यास ताशी ८७,५०० बीटीयू लागतात, म्हणजे साऱ्या घराला कडक थंडीत जेवढी ऊब लागते तिच्या अडीच पट. साठवण टाकी असेल तर हा भार सावकाश उचलता येतो. ती नसेल तर एका माणसाची दहा मिनिटांची आंघोळ साऱ्या बॉयलरचे माप ठरवून जाते.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की जुन्या घरासाठी योग्य बॉयलर निवडणे म्हणजे कोणती गरज कोणाची आहे हे वेगळे करणे होय. भिंतींची गरज वेगळी, बिडाची वेगळी, आंघोळीची वेगळी, आणि या तिन्हींत मिसळून आलेली पूर्वीच्यांची काळजी वेगळी. त्या काळजीला दोष देण्याचे कारण नाही, कारण तिने शंभर वर्षे माणसांना उबेत ठेवले. परंतु काळजी जेव्हा कारणासह पुढे दिली जाते तेव्हाच ती शहाणपण राहते, आणि नुसत्या आकड्याच्या रूपाने उतरते तेव्हा सवय होऊन बसते. आज बसवलेला बॉयलर साधारण पंचवीस वर्षांनी काढला जाईल, तेव्हा त्या घरात बहुधा दुसरीच माणसे असतील आणि कदाचित जळणही दुसरेच असेल. त्यांच्यासाठी करण्यासारखे एक साधे काम उरते: कोणत्या खिडक्या, किती भरलेल्या भिंती, किती रेडिएटर आणि कोणते बाहेरचे तापमान धरून हे माप काढले, त्याचा हिशेब एका कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. तो कागद चुकीचा ठरला तरी हरकत नाही, कारण कारणे लिहिलेली असली की चूक शोधता येते आणि दुरुस्तही करता येते.